लुआ स्क्रिप्टची एक्झी करणारं 'गाठोडं': कसं बांधलं आणि कुठे कुठे सुटलं

सांजवेळ | शनिवार, रात्री ९:४०

गेले दोन महिने जेवणं उरकल्यावर रात्री एक छोटं साधन लिहीत होते. आता ते चालतंय, म्हणून इथे मांडते. लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्क्रिप्ट (मजकूर म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम) द्यायची, टर्मिनलमध्ये एक ओळ टाकायची, की एकच एक्झी (थेट चालणारी फाईल) हातात येते. ती ज्याला द्यायची त्याच्या संगणकावर लुआ किंवा दुसरं काहीही बसवावं लागत नाही. नाव ठेवलंय गाठोडं.

गरज कुठून निघाली ते आधी सांगते. माझे मामा गावच्या दूध संस्थेत सचिव आहेत. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढायची असतात. सकाळ-संध्याकाळचं दूध, प्रत्येक वेळचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकातला दर, आणि शेवटी पशुखाद्य व उचलीची कपात. मोजणी यंत्रातून सीएसव्ही फाईल मिळते, पुढचं सगळं हाताने चालायचं. मी त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली. माझ्या लॅपटॉपवर ती दोन सेकंदांत बिलं काढते. मामांच्या ऑफिसात मात्र जुना विंडोजचा संगणक आहे आणि नेटचा भरवसा नाही. "आधी इंटरप्रिटर उतरवा, मग तो पाथमध्ये घाला" असं फोनवर अर्धा तास सांगत बसले (इंटरप्रिटर म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम). मामांचा आवाज हळूहळू पडत गेला. एवढी वर्षं गावाच्या दुधाचा पैसापैसा ज्यांनी चोख ठेवला, त्यांना आपल्यालाच काही जमत नाही असं वाटायला लागलं. हे बरोबर नाही. चूक माझ्या प्रोग्रॅमची होती, त्यांची नव्हती.

पहिली स्क्रिप्ट पायथनमध्ये होती. तयार साधन वापरून तिची एक्झी केली आणि पेनड्राइव्हवर पाठवली. त्या संगणकावरच्या अँटिव्हायरसने ती उघडायच्या आतच उचलून बाजूला टाकली. तेव्हा ठरवलं की हे आत कसं चालतं ते मुळापासून समजून घ्यायचं. स्क्रिप्ट लुआत पुन्हा लिहिली. लुआ १९९३ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोमधल्या विद्यापीठात जन्मली, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात राहायचं हे तिच्या घडणीतच आहे. सगळा इंटरप्रिटर साध्या सीमध्ये आहे, माझ्याकडे तो ३०० केबीच्या आत बसतो.

आता मुख्य गोष्ट. गाठोडं स्क्रिप्टचं मशीन कोड करत नाही. ते स्वतःचीच एक प्रत काढतं, तिच्या शेपटीला स्क्रिप्ट जोडतं आणि अगदी शेवटी १८ बाइटची खूण ठेवतं. त्या खुणेत 'गाठ' हा शब्द आहे (यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून ग, काना, ठ मिळून ९ बाइट), मग आवृत्तीचा १ बाइट आणि जोडलेल्या मजकुराची लांबी ८ बाइटमध्ये. प्रोग्रॅम सुरू झाला की तो आधी स्वतःचीच फाईल उघडून शेवटचे १८ बाइट वाचतो. खूण सापडली तर आतली स्क्रिप्ट चालवतो. नाही सापडली तर 'मी बांधणारा आहे' असं समजून कमांड लाईनवर काय दिलंय ते बघतो. म्हणजे बांधणारा आणि बांधलेला एकच प्रोग्रॅम, फरक फक्त शेपटीचा.

शेपटी लावून फाईल बिघडत कशी नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. चालणाऱ्या फाईलीचा साचा लिनक्सचा ईएलएफ असो वा विंडोजचा पीई, फाईलचा कोणता तुकडा मेमरीत घ्यायचा याची यादी फाईलच्या सुरुवातीच्या भागात असते. चालवताना त्या यादीतलेच तुकडे घेतले जातात. त्यापलीकडे काय लटकतंय याच्याशी सिस्टिमला देणंघेणं नसतं. झिपचं नेमकं उलट आहे, तिची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. म्हणून पुढे एक्झी आणि मागे झिप अशी एकच फाईल दोन्ही अर्थांनी वैध ठरते. आपोआप उलगडणाऱ्या झिप फाईली याच युक्तीवर चालत आल्या.

जिथे अडकले ते सविस्तर लिहिते, कारण याबद्दल कुठे सलग वाचायला मिळालं नाही.

पहिली अडचण. साधी चाचणी स्क्रिप्ट चालली, पण खरी स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर '#' या चिन्हाजवळ अडली. माझ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर लिनक्ससाठी '#!' ची ओळ होती. लुआ फाईल वाचते तेव्हा अशी पहिली ओळ स्वतःहून ओलांडते. मी मात्र फाईल न देता मेमरीतला मजकूर देत होते आणि त्या वाटेवर ही सोय नाही. फाईलच्या सुरुवातीच्या तीन बाइटच्या बीओएम खुणेचंही तसंच. जुन्या नोटपॅडने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाईलीत ती असतेच. दोन्ही मी बांधतानाच काढून टाकते. फक्त '#!' ची ओळ काढली तरी तिच्या जागी रिकामी ओळ ठेवते, नाहीतर त्रुटीच्या संदेशातले ओळ क्रमांक एकाने घसरतात.

दुसरी अडचण. कमांड लाईनवर दिलेलं फाईलचं नाव स्क्रिप्टला दिसेना. 'आर्ग' नावाची सारणी लुआ भाषेचाच भाग आहे असं मी धरून चालले होते. ती भाषेची नाही, लुआचा जो नेहमीचा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो तो ती भरतो. आपण इंटरप्रिटर स्वतःच्या पोटात घेतला की ती आपणच भरायची.

तिसरी मला सगळ्यात जास्त छळून गेली. लिनक्सवर सगळं सुरळीत, विंडोजवर खूण कधी सापडायची, कधी नाही. मी स्वतःची एक्झी मजकूर म्हणून उघडत होते. विंडोजवर तसं उघडलं की वाचताना २६ क्रमांकाचा बाइट आला की फाईल संपली असं समजलं जातं, आणि ओळ संपल्याच्या दोन बाइटांचा एक होतो. एक्झीत तो बाइट कुठेही असू शकतो. 'बी' हे एक अक्षर घालून बायनरी म्हणून उघडलं आणि तीन रात्रींचं कोडं सुटलं.

अजून एक, छोटी पण उपयोगी. मेमरीतला मजकूर लुआला देताना त्याचं नावही देता येतं. त्या नावाआधी '@' लावलं तर चूक झाल्यावर 'बिल.लुआ, ओळ ४२' असं स्वच्छ दिसतं. न लावलं तर लुआ त्या नावालाच स्क्रिप्टचा तुकडा समजते आणि ते चौकटी कंसात घालून दाखवते. मामा मला त्या संदेशाचा फोटो पाठवतात, त्यामुळे मला ते फार महत्त्वाचं आहे.

जाणकारांनी उणिवा दाखवाव्यात. विशेषतः एकापेक्षा जास्त फाईली असलेल्या स्क्रिप्टचं काय करावं, यावर मी अजून चाचपडतेय.

---

रानवाटा | शनिवार, रात्री १०:१५

ताई, फार सुंदर लिहिलंय. मी दुसऱ्या वर्षाला आहे. एक शंका विचारतो. मग याला कंपाइल म्हणायचं का? आम्हाला शिकवलंय की कंपायलर म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत रूपांतर. इथे तर काहीच रूपांतर होत नाहीये.

---

सांजवेळ | शनिवार, रात्री १०:३२

@रानवाटा, तुझी शंका अगदी रास्त आहे. म्हणूनच धाग्यात कुठेही 'माझा कंपायलर' असं लिहिलं नाही. हे बांधणं आहे. स्क्रिप्ट आहे तशीच राहते, दुभाष्या तिच्यासोबत प्रवासाला निघतो. वेग वाढत नाही, आणि तो वाढतो असं मी कुणाला सांगणारही नाही.

---

क्लिपरवाला | शनिवार, रात्री ११:०५

धागा वाचून जुने दिवस डोळ्यांसमोर आले, म्हणून मुद्दाम लिहितो.

डीबेस या जुन्या डेटाबेस साधनात लिहिलेला प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला द्यायचा तर त्याच्याकडे डीबेस हवं. १९८५ मध्ये नॅनटकेट कंपनीचा क्लिपर आला आणि ही अट गेली. प्रोग्रॅम फाईल द्या, कंपाइल करा, लिंक करा, एक्झी घ्या. पुढची 'समर ८७' आवृत्ती आम्ही वर्षानुवर्षं वापरली. पतसंस्थांची खतावणी, कापड दुकानांचा साठा, पगारपत्रकं, सगळं तिच्यावर. फ्लॉपी खिशात घालून एसटीने जायचं, कॉपी करायचं, चालवून दाखवायचं.

सगळे म्हणायचे, क्लिपर खरा कंपायलर आहे. पण त्या एक्झीच्या आत आपल्या प्रोग्रॅमचा बराचसा भाग पी-कोड (मशीन कोड नव्हे, मधल्या टप्प्यातला कोड) म्हणून असायचा आणि तो चालवणारं यंत्र लायब्ररीतून सोबत जोडलेलं असायचं. म्हणूनच दहा ओळींच्या प्रोग्रॅमचीही एक्झी भली मोठी व्हायची. तेव्हा आम्हाला त्याचं कारण कळायचं नाही. क्विकबेसिक ४.५ मध्ये तर दोन्ही वाटा उघड होत्या. एक्झी लहान हवी तर सोबत 'बीआरयूएन४५' नावाची रनटाइम फाईल द्या, नाहीतर सगळं एकत्र बांधून मोठी एक्झी करा. लहानच्या मोहात ती दुसरी फाईल न्यायची राहिली की ४० किलोमीटर परत. मी दोनदा परत गेलोय. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, एकच फाईल द्या, मोठी झाली तरी चालेल.

बेटा, तू मामांसाठी केलंस हे फार चांगलं केलंस.

---

पुणेरी_पेंग्विन | रविवार, सकाळी ८:२०

@रानवाटा, तुझ्या प्रश्नात थोडी भर. स्क्रिप्टपासून एक्झीकडे जाणाऱ्या वाटा तीन-चार आहेत आणि सगळ्यांनाच लोक सरसकट कंपाइल म्हणतात.

पायथनसाठीचा पायइन्स्टॉलर इंटरप्रिटर आणि सगळी मॉड्यूल्स एकत्र बांधतो. एका फाईलचा पर्याय निवडला तर दर वेळी सुरू होताना तो सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो, म्हणून सुरुवात जड वाटते. स्वतःला उलगडून त्यातलं काहीतरी चालवणारी फाईल अँटिव्हायरसला संशयास्पद वाटते, कारण घातक प्रोग्रॅम लिहिणारेही हीच साधनं वापरतात. नुइटका वेगळ्या वाटेने जातं. ते पायथनचं सीमध्ये रूपांतर करतं आणि मग सी कंपायलरकडे देतं. तरीही पायथनची रनटाइम लागतेच, कारण भाषेचा स्वभाव बदलत नाही. क्विकजेएस मधल्यामध्ये आहे. फॅब्रिस बेलार आणि चार्ली गॉर्डन यांनी २०१९ मध्ये आणलं. त्याचा कंपायलर जावास्क्रिप्टचा बाइटकोड (इंटरप्रिटरला सोपा पडणारा मधला कोड) करतो, तो सी फाईलीत अंकांची रांग म्हणून लिहितो आणि इंजिनासोबत लिंक करतो. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या डेनोमध्ये २०२० च्या अखेरीस १.६ आवृत्तीपासून 'कंपाइल' ही कमांड आहे. तीही मुळात ताईंच्या गाठोड्याच्याच जातकुळीतली. तसंच काम करणाऱ्या नोडनेही आवृत्ती २० च्या सुमारास एकल एक्झीची सोय आणली.

आता ताईंसाठी दोन सूचना.

एक, लिनक्सवर तुमच्या उबुंटूवर बांधलेली फाईल जुन्या सर्व्हरवर चालणार नाही. 'जीलिबसी २.३४ सापडलं नाही' अशा धर्तीचा संदेश येईल (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी). सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ आहे, उबुंटू २२.०४ वर २.३५. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. उपाय म्हणजे जुन्या वितरणावर बांधा, किंवा झिग या भाषेसोबत येणारा सी कंपायलर वापरा, त्याला जीलिबसीची आवृत्ती सांगता येते. मसल (जीलिबसीऐवजीची दुसरी लायब्ररी) वापरून पूर्ण स्टॅटिक, म्हणजे सगळ्या लायब्ररी आतच घेऊन, बांधलंत तर झंझट मिटते, पण मग सीमध्ये लिहिलेली लुआ मॉड्यूल्स चालताना लोड करता येत नाहीत.

दोन, तयार झालेल्या फाईलीवर 'स्ट्रिप' (फाईल लहान करणारी कमांड) चालवू नका. ते ईएलएफ नव्याने लिहितं आणि यादीत नसलेली तुमची शेपटी गळून पडते.

---

सांजवेळ | रविवार, दुपारी १२:५०

@पुणेरी_पेंग्विन, आत्ताच करून बघितलं. स्ट्रिप चालवल्यावर बिलाचा प्रोग्रॅम स्वतःला गाठोडं समजायला लागला आणि माझ्याकडेच स्क्रिप्ट मागायला लागला. आता स्ट्रिप आधी करते, शेपटी नंतर. हे साधनाच्या मदत मजकुरातही लिहिलंय.

@क्लिपरवाला काका, पी-कोडची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. मला वाटत होतं मी काहीतरी आडवाटेने करतेय.

---

तिसरीघंटा | रविवार, दुपारी ३:१०

माझा प्रश्न वेगळा आहे आणि पोटापाण्याचा आहे. मी लहान व्यापाऱ्यांना स्क्रिप्ट लिहून देतो. दोन वेळा असं झालं की एकाला दिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याच्या दुकानात माझं नाव काढून चालताना दिसली. मला एक्झी हवी ती मुख्यतः कोड झाकण्यासाठी. शेल स्क्रिप्टसाठी (टर्मिनलच्या कमांडांची स्क्रिप्ट) एसएचसी हे साधन वापरतो, ते तिची एक्झी करतं. गाठोड्यात असं काही करता येईल का? निदान बाइटकोड तरी?

---

पुणेरी_पेंग्विन | रविवार, दुपारी ४:००

@तिसरीघंटा, तुमच्याबाबत झालं ते वाईट झालं. पण एसएचसीवर विसंबू नका. ते स्क्रिप्ट आरसी४ या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने कुलूपबंद करून सी प्रोग्रॅममध्ये ठेवतं खरं, पण किल्लीही त्याच फाईलीत असते. चालवताना कुलूप उघडून संपूर्ण स्क्रिप्ट शेलच्या हवाली करावीच लागते, कारण चालवणार शेलच. मूळ पद्धतीत ती शेलला आर्ग्युमेंट म्हणून जाते, आणि प्रोसेसची आर्ग्युमेंट्स बघणं लिनक्सवर अगदी सोपं आहे. शिवाय त्या मशीनवर शेल हवाच, म्हणजे स्वतंत्र एक्झीही नाही.

---

सांजवेळ | रविवार, संध्याकाळी ६:२५

@तिसरीघंटा, बाइटकोडचा विचार मी केला होता. लुआत तो करता येतो, ओळ क्रमांक आणि नावं काढूनही टाकता येतात. तरी मी तो पर्याय ठेवला नाही. कारणं सांगते.

बाइटकोडवरून वाचता येण्याजोगी लुआ परत काढणारी साधनं आहेत. म्हणजे झाकलं गेलं असं तुम्हाला वाटेल, प्रत्यक्षात झाकलेलं नसेल. बाइटकोड लुआच्या आवृत्तीला बांधलेला असतो, ५.३ चा ५.४ वर चालत नाही. ५.२ पासून लुआ दिलेला बाइटकोड नीट आहे की नाही हे तपासतही नाही, त्यामुळे बिघडलेला बाइटकोड आला तर प्रोग्रॅम सरळ कोसळू शकतो. माझ्या गाठोड्यात मी लुआला 'फक्त मजकूर घे' असंच सांगितलंय. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं कारण म्हणजे नावं आणि ओळ क्रमांक काढले की मामांच्या फोटोतून मला काहीच कळणार नाही.

पासवर्ड किंवा दुसरं कुठलंही गुपित मात्र एक्झीत अजिबात ठेवू नका, कुठल्याही साधनाने बांधलेली असो. फाईल दुसऱ्याच्या हातात गेली की आतलं सगळं त्याचं.

---

तिसरीघंटा | रविवार, रात्री ८:४५

ताई, तुमचं पटतं, पण पूर्ण नाही. माझं गिऱ्हाईक प्रोग्रॅमर नसतं. त्याचा भाचा नोटपॅडमध्ये फाईल उघडतो आणि माझं नाव खोडतो, एवढीच चोरी असते. त्याला अडवायला एवढी आडकाठी पुरेशी असते. घराला कडी लावतो ती दरोडेखोरासाठी नसते.

---

क्लिपरवाला | रविवार, रात्री ९:१५

@तिसरीघंटा, तुमच्या बाजूचा अनुभव मलाही आहे. क्लिपरच्या काळात आम्ही एक्झीमध्ये दुकानाचं नाव घालायचो, प्रत्येक पावतीवर ते छापलं जायचं. दुसऱ्या दुकानात ते चालेचना, कारण पावतीवर नाव पहिल्याचं. कोड झाकण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला. आणि वर्षाची देखभाल लेखी ठरवून घ्या. दरपत्रक, कर, नियम दरवर्षी बदलतात. चोरलेल्या प्रोग्रॅमला बदलून देणारं कुणी नसतं.

---

तिसरीघंटा | रविवार, रात्री ९:३०

काका, पावतीवर नावाची युक्ती उत्तम. उद्याच करतो. धन्यवाद.

---

उंबरठा | सोमवार, पहाटे १:५०

मी मॅक वापरते, म्हणून तिकडची बाजू. सांजवेळ, तुमची युक्ती ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर जशीच्या तशी चालणार नाही. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमवर डिजिटल सही लागते, निदान स्थानिक, नावाविना केलेली तरी. शेपटी जोडलेल्या फाईलीवर सही करायला गेलं की सहीचं साधन तक्रार करतं, कारण मॅकच्या फाईलीत शेवटचा तुकडा ठरलेला असतो आणि त्यापुढे काही लटकलेलं त्याला मान्य नाही. योग्य रस्ता असा: स्क्रिप्ट फाईलीच्या आतल्या एका वेगळ्या विभागात घालायची, जुनी सही आधी काढायची, मग नव्याने सही करायची. नोडची एकल एक्झीही मॅकवर असंच करायला सांगते.

विंडोजवरही पुढे सही करायची असेल तर लक्षात ठेवा. सही फाईलच्या शेवटी येऊन बसते, म्हणजे तुमचे १८ बाइट शेवटचे राहत नाहीत. पीईच्या शीर्षकात सहीची जागा लिहिलेली असते. ती वाचून त्याच्या आधीपासून मागे शोधा. मधे भरतीचे काही बाइट असू शकतात, म्हणून थोडं मागेपर्यंत शोधत जा.

---

सांजवेळ | सोमवार, सकाळी ७:१०

@उंबरठा, याची मला अजिबात कल्पना नव्हती. मनापासून आभार. मॅक सध्या वगळते आणि तसं स्पष्ट लिहिते. विंडोजचं शोधणं मात्र आज रात्रीच बदलते, सही पुढे लागणारच आहे.

---

रानवाटा | सोमवार, दुपारी १:३०

ताई, अनेक फाईलींच्या प्रश्नावर मी एक करून बघितलं. 'रिक्वायर' (दुसरी फाईल मागवणारं लुआचं फंक्शन) असलेल्या ओळी शोधून त्या फाईली आपोआप आत घ्यायच्या. माझ्या तीन फाईलींच्या खेळावर चाललं.

---

पुणेरी_पेंग्विन | सोमवार, दुपारी २:०५

@रानवाटा, छान. पण 'रिक्वायर'ला नाव बदलत्या चलातून दिलं असेल तर? उदाहरणार्थ छापण्याचं मॉड्यूल प्रिंटरच्या नावावरून ठरत असेल, तर ती ओळ वाचून काहीच कळणार नाही. मोठ्या साधनांनाही हाच त्रास आहे, म्हणून पायइन्स्टॉलरमध्ये लपलेली मॉड्यूल्स हाताने सांगायची सोय ठेवलीय.

---

सांजवेळ | सोमवार, रात्री १०:४०

तुमचं दोघांचं वाचून आज ठरवलं. आपोआप शोध नाही. ज्या फाईली आत हव्यात त्या कमांड लाईनवर नावानिशी द्यायच्या, पहिली मुख्य. थोडं जास्त टंकावं लागतं, पण आत काय गेलं हे बांधणाऱ्याला नक्की माहीत असतं.

चालताना लुआला त्या सापडतात कशा ते @रानवाटासाठी लिहिते. लुआकडे मॉड्यूल शोधणाऱ्या फंक्शनांची एक यादी असते. पहिलं फंक्शन आधीच भरून ठेवलेलं बघतं, पुढची डिस्कवर शोधतात. मी त्या दोघांच्या मधे माझं एक घुसवलं, जे शेपटीत शोधतं. त्यामुळे मामांच्या फोल्डरमध्ये चुकून त्याच नावाची जुनी फाईल पडलेली असली तरी आतलीच चालते.

आता आज संध्याकाळी मामांकडून आलेली बातमी. एक्झी उघडली आणि लगेच बंद झाली. फोटो मागवला. फोल्डरचं नाव 'दूध बिल'. माझा प्रोग्रॅम विंडोजला 'मी कुठे आहे' असं जुन्या पद्धतीने विचारत होता आणि उत्तरात देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येत होती. त्या पद्धतीत विंडोज जी जुनी आठ बिटांची कोडपेजं (अक्षरांच्या क्रमांकांचे तक्ते) वापरतं, त्यांत देवनागरीला जागाच नाही. स्वतःची फाईल न सापडल्यामुळे खूणही सापडली नाही. युनिकोडचं फंक्शन वापरून दुरुस्त केलं. विंडोज १० च्या २०१९ मधल्या आवृत्तीपासून एक्झीच्या मॅनिफेस्टमध्ये (विंडोजसाठीच्या आतल्या नोंदीत) यूटीएफ-८ मागता येतं, पण मामांचं विंडोज त्याहून जुनं आहे.

हे मला लागलं. मराठीतून बिलं काढणारं साधन, आणि मराठी नावाच्या फोल्डरमध्ये मी ते एकदाही चालवून बघितलं नव्हतं. आता माझ्या चाचणीचं फोल्डरच 'नवं गाठोडं' आहे, मधे जागा सोडून.

---

क्लिपरवाला | मंगळवार, सकाळी ९:००

बिलावर मराठी नावं रांगेत नीट येतात का? आमच्या काळी ती मोठी डोकेदुखी होती.

---

सांजवेळ | मंगळवार, रात्री ९:२०

काका, नेमकं विचारलंत. येत नव्हती. लुआ लांबी बाइटमध्ये मोजते. 'गाय' ९ बाइट, 'म्हैस' १५. रकान्याची रुंदी १० दिली की गायीच्या ओळीत एक जागा सुटते आणि म्हशीच्या ओळीत सुटतच नाही. ५.३ पासूनच्या यूटीएफ-८ लायब्ररीने मोजलं तर म्हैस ५ येते, पण डोळ्याला दिसतात दोनच अक्षरं, म्है आणि स. शिवाय विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत देवनागरी धड उमटतही नाही. शेवटी पडद्यावर छापणं सोडलं. प्रोग्रॅम एचटीएमएल फाईल लिहितो आणि ब्राउझरमध्ये उघडतो. रकाने ब्राउझर सांभाळतो, छपाई तिथूनच.

---

सांजवेळ | शुक्रवार, रात्री १०:०५

धागा वर काढतेय, कारण काल दहा दिवसांचं बिल होतं. मामांनी पेनड्राइव्हवरची एक्झी सीएसव्हीसकट 'दूध बिल' फोल्डरमध्ये टाकली आणि बिलं काढली. वहीतल्या आकड्यांशी ताडून बघायला संध्याकाळ गेली. दोन उत्पादकांच्या बिलात एकेक पैशाचा फरक निघाला. मी रक्कम दशांशात धरत होते. आता सगळं पूर्ण पैशांत आणि फॅट दहापट करून पूर्णांकात धरलंय, फरक मिटला.

मामांनी एकच विचारलं. म्हशीच्या दुधाचं दरपत्रक बदललं तर अख्खी फाईल पुन्हा पाठवावी लागेल का? सध्या हो, कारण दरपत्रक मी शेपटीत बांधलंय. ते बाहेर काढते. एक्झीशेजारी 'दर' नावाची सीएसव्ही असेल तर ती आधी वाचायची, नसेल तर आतली. आणि कोणती वाचली, कोणत्या तारखेची, ते प्रत्येक बिलाच्या तळाशी छापायचं. पुढच्या बिलाला अजून आठ दिवस आहेत.